हार्मोनच्या औषधांचं संथ विष

दोन माणसांचा विचार करा. पहिलं तीन वर्षांचं मूल. आजीच्या थायरॉइडच्या गोळ्या त्याच्या हाती लागल्या आणि त्यानं मूठभर गिळून टाकल्या. घरात धावपळ होते, मुलाला उचलून दवाखान्यात नेतात, डॉक्टर काही दिवस लक्ष ठेवतात आणि केसपेपरवर 'विषबाधा' हा शब्द येतो. बहुतेक वेळा ते मूल सुखरूप घरी जातं. दुसरा माणूस पन्नाशीतला. सांधे धरले म्हणून कधीतरी सुरू झालेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या तो दोन वर्षं घेतोय. चेहरा सुजून गोल झालाय, कातडी पातळ झालीय, जरासं लागलं की काळंनिळं पडतं, साखर वाढलीय, रक्तदाब वाढलाय आणि आता खुब्यातलं हाड मरू लागलंय. त्याच्या नावावर चार आजार आहेत, चार डॉक्टर आहेत आणि आणखी डझनभर गोळ्या आहेत. विषबाधा हा शब्द मात्र त्याच्या एकाही कागदावर नाही.

माझं म्हणणं या दुसऱ्या माणसाबद्दल आहे. त्यालाही विषबाधाच झाली आहे. तसं स्पष्ट म्हटल्याशिवाय ती मोजली जाणार नाही, आणि मोजली गेल्याशिवाय ती थांबवायची जबाबदारी कुणाचीच होणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत हार्मोनच्या औषधांमुळे होणाऱ्या विषबाधेला टी-38 हा संकेतांक दिलेला आहे. त्याचे पोटविभाग वाचले तरी या औषधांचा पसारा ध्यानात येतो. स्टेरॉइड, थायरॉइडची औषधं, इन्सुलिन आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, इतर स्त्री-हार्मोन, पुरुषी हार्मोन आणि स्नायू वाढवणारी त्यांची भावंडं. पण हा संकेतांक वापरायला एक अट आहे. मात्रा जास्त झालेली हवी, किंवा चुकीचं औषध दिलं-घेतलं गेलेलं हवं. योग्य औषध योग्य रीतीनं दिलं आणि तरीही इजा झाली, तर ती 'दुष्परिणाम' म्हणून दुसऱ्या रकान्यात जाते. सर्वसाधारण औषधांसाठी ही विभागणी शहाणपणाची आहे. हार्मोनच्या बाबतीत मात्र बरंचसं नुकसान या दोन रकान्यांच्या मधल्या फटीत पडतं. औषध बरोबर होतं, सुरुवातीची मात्राही बरोबर होती. पण ते थांबवायला हवं होतं तेव्हा कुणी थांबवलं नाही.

याचं मूळ हार्मोनच्या स्वभावात आहे. बाकीची बहुतेक औषधं शरीराला परकी असतात. हार्मोनचं औषध हे शरीराच्याच एखाद्या निरोपाची नक्कल असतं. शरीर तो निरोप अत्यंत कमी मात्रेत पाठवतं आणि तो पोहोचला की नाही यावर सतत नजर ठेवतं. मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी दिवसाला जेवढं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तयार करतात, त्याचं काम साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी भागवतं. म्हणजे रोज 20 मिलिग्रॅमची गोळी घेणारा माणूस शरीराच्या गरजेच्या चौपट निरोप बाहेरून ओततो आहे. डेक्सामेथासोन हे दुसरं स्टेरॉइड तर आणखी जहाल. त्याच्या 0.75 मिलिग्रॅममध्ये 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनचं बळ असतं. गोळी इवलीशी आणि आकडा अर्धा-पाऊण, म्हणून 'हलकी गोळी आहे' असा समज सहज होतो.

पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो. टाकी भरली की तो वर येतो आणि नळ आपोआप बंद होतो. बाहेरून बादल्या ओतत राहिलं तर तो गोळा कायम वरच राहील, नळ महिनोन्महिने बंद राहील आणि गंजेल. मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी यांचं नेमकं हेच होतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड पोटात गेलं की या ग्रंथी सुस्तावू लागतात. मग एक दिवस गोळी अचानक बंद केली, किंवा त्याच अवस्थेत मोठा ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया समोर आली, तर शरीराला लागणारं कॉर्टिसॉल तयार करणारं कुणी जागं नसतं. रक्तदाब कोसळतो, माणूस गळून जातो, वेळीच ओळखलं नाही तर दगावतो. झोपलेल्या ग्रंथी पुन्हा पूर्ण कामाला लागायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो.

म्हणून स्टेरॉइडच्या विषबाधेला दोन तोंडं आहेत. घेत राहिलं तरी ती होते आणि धाडकन सोडलं तरी होते. असा सापळा असलेलं औषध देताना 'किती द्यायचं' एवढाच प्रश्न पुरत नाही. कधी थांबायचं आणि कोणत्या पायऱ्यांनी उतरायचं, हे औषध सुरू करतानाच ठरलेलं असायला हवं.

हे ज्ञान काल-परवाचं नाही. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका तरुण स्त्रीला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. 1950 मध्ये हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. जगभर या औषधाचा जयजयकार झाला. आणि 1952 मध्येच, कॉर्टिसोन घेणारा एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर अॅड्रिनल ग्रंथी सुकल्यामुळे दगावल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. चमत्कार आणि इशारा यांच्यात फक्त चार वर्षांचं अंतर आहे. त्यानंतरची सत्तर वर्षं हा इशारा पाठ्यपुस्तकात आहे. रुग्णाच्या हातातल्या चिठ्ठीवर तो अजून उतरलेला नाही.

मलमांबद्दल तर लोक आणखी निर्धास्त असतात. वरून लावायचं आहे, पोटात थोडंच जाणार, असं वाटतं. क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र स्टेरॉइड मलमांपैकी एक. त्याचा वापर आठवड्याला 50 ग्रॅमच्या आत आणि सलग दोन आठवड्यांच्या आत ठेवावा असा दंडक आहे. प्रत्यक्षात ते गजकर्णावर लावलं जातं, मुरुमांवर लावलं जातं, चेहरा उजळ करायला महिनोन्महिने लावलं जातं. गजकर्णाची खाज थांबते आणि बुरशी मात्र आतून पसरते. चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल होते, उन्हात जळजळते, आणि मलम बंद केलं की आधीपेक्षा जास्त भडकते. मग घाबरून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. बाळाच्या लंगोटाखाली लावलं तर घट्ट झाकलेल्या नाजूक कातडीतून ते रक्तात उतरतं आणि बाळाची वाढ खुंटू शकते. मला या मलमांचा सर्वांत जास्त राग येतो, कारण इथे बहुतेकांना आपण हार्मोन लावतोय याचा पत्ताच नसतो.

'योग्य रीतीनं दिलं होतं' या शब्दांचा आडोसा किती घातक ठरू शकतो, हे पाहायचं असेल तर डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल या औषधाची हकिकत वाचावी. 1938 मध्ये लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी हे कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, तयार केलं. स्वस्त, गोळीच्या रूपात घेता येणारं, परिणामकारक. गर्भपात टळेल या आशेनं ते गर्भवती स्त्रियांना द्यायला सुरुवात झाली. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या अभ्यासानं दाखवून दिलं की गर्भपात टाळण्यात त्याचा काहीही उपयोग होत नाही. तरीही ते पुढची अठरा वर्षं अमेरिकेत गर्भवतींना दिलं जात राहिलं. एप्रिल 1971 मध्ये आर्थर हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधली निरीक्षणं प्रसिद्ध केली. योनिमार्गाचा एक अतिदुर्मीळ कर्करोग आठ तरुण मुलींमध्ये सापडला होता आणि त्यांतल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणी हे औषध घेतलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं ते गर्भवतींना देऊ नये असा इशारा दिला.

या सगळ्यात मात्रेची चूक नव्हती, औषधाची अदलाबदल नव्हती. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आयांनी विश्वासानं, वेळच्या वेळी घेतलं होतं. इजा झाली ती त्यांच्या पोटातल्या मुलींना, आणि ती उघड झाली पंधरा-वीस वर्षांनी. वर्गीकरणाच्या व्याख्येत हे 'विषबाधा' म्हणून बसत नाही. मला तर यापेक्षा शुद्ध विषबाधा दुसरी कुठली ते सांगता येणार नाही. आणि यातली सर्वांत क्लेशकारक गोष्ट कर्करोगाची नाही, त्या अठरा वर्षांची आहे. निरुपयोगी ठरलेलं औषध थांबवणं हे कुणाचंच काम नव्हतं, म्हणून ते थांबलं नाही.

याच्या उलट उदाहरण थायरॉइडचं आहे. 1984-85 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या नैर्ऋत्य भागात आणि शेजारच्या साउथ डकोटा व आयोवामध्ये लोकांना अचानक धडधड, थरथर, घाम, वजन घटणं असा त्रास सुरू झाला. 121 रुग्ण सापडले. तपासात कळलं की कत्तलखान्यात गुरांच्या गळ्याभोवतीचं मांस खरवडताना थायरॉइड ग्रंथीही त्यात येत होती आणि खिम्यात मिसळली जात होती. गळ्याभोवतीचं मांस असं काढायची पद्धत बंद केली गेली आणि साथ थांबली. ही झटपट कारवाई झाली, कारण तिला 'साथ' म्हटलं गेलं. एका भागात, एका वेळी, एका कारणानं आजारी पडलेली माणसं यंत्रणेच्या डोळ्यांत भरली.

आता तेच थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा हार्मोन, गोळीच्या रूपात, वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या वर्षी, गरजेपेक्षा थोडं जास्त जात राहिलं तर? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या हृदयरोगाच्या दीर्घ अभ्यासातला 1994 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की साठीच्या पुढच्या ज्या लोकांचं टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारा पिट्यूटरीचा हार्मोन; थायरॉक्सिन जास्त झालं की तो उतरतो) फारच खाली गेलेलं होतं, त्यांच्यात पुढच्या दहा वर्षांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट होतं. टीएसएच इतकं खाली जाण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे गोळीची मात्रा गरजेपेक्षा जास्त असणं. ठोके अनियमित झाले की पक्षाघाताचा धोका वाढतो. शिवाय हाडं ठिसूळ होतात, विशेषतः पाळी थांबलेल्या स्त्रियांची. पण अशा आजीला पक्षाघात झाला, तर पाच वर्षं न तपासलेल्या थायरॉइडच्या गोळीकडे कुणाचं बोट जात नाही. वयाकडे जातं. 50 मायक्रोग्रॅमची 75 कधी झाली, 75 ची 100 कधी झाली आणि शेवटचं टीएसएच कधी तपासलं, या तीन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर सापडतील अशी घरं फार थोडी असतील.

वजन उतरवण्यासाठी थायरॉइडच्या गोळ्या घेणं ही आणखी वाईट गोष्ट. ज्यांची ग्रंथी ठणठणीत आहे त्यांचं वजन नेहमीच्या मात्रेनं उतरत नाही, आणि जास्त मात्रेनं उतरतं तेव्हा सोबत हृदय आणि स्नायूही झिजतात. अमेरिकेत या गोळ्यांच्या पाकिटावर लठ्ठपणासाठी त्या वापरू नयेत असा चौकटीतला इशारा असतो. तिथेच विसाव्या शतकाच्या मध्यात थायरॉइड, अॅम्फेटामिन, लघवी वाढवणारी औषधं आणि हृदयावरचं डिजिटॅलिस एकत्र करून रंगीबेरंगी 'वजनाच्या गोळ्या' दवाखान्यांतून सर्रास वाटल्या गेल्या. 1968 मध्ये सेनेटमध्ये त्यांची सुनावणी होईपर्यंत माणसं दगावलेली होती.

इन्सुलिनचा मामला निराळा. तिथे विष संथ नाही, मिनिटा-तासांचं आहे. साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, भूक. 54 च्या खाली गेली की बोलणं अडखळतं, भान हरपू लागतं, आणि वेळ गेली तर मेंदूला कायमची इजा होते. इथल्या चुका बव्हंशी लिखाणाच्या आणि मापाच्या आहेत. युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' हे अक्षर लिहिलं आणि ते शून्यासारखं दिसलं की 4 चे 40 होतात. म्हणून अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं 2004 मध्ये ते अक्षर लिहायलाच मनाई केली. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेलं इन्सुलिन आणि 100 युनिट असलेलं इन्सुलिन यांच्या सिरिंज वेगळ्या असतात. 40 च्या सिरिंजमध्ये 100 चं इन्सुलिन भरलं की प्रत्येक टोचणीत अडीचपट मात्रा जाते. हा हिशेब रुग्णाला कुणी बसून समजावला आहे का? एवढी चूक जमेस धरूनही इन्सुलिनच्या बाबतीत आपण बरे आहोत. सगळ्यांना त्याची भीती वाटते, म्हणून त्यावर नियम झाले.

नवी चूक मात्र डोळ्यांदेखत घडते आहे. सेमाग्लुटाइड हे आतड्यातल्या एका हार्मोनची नक्कल करणारं औषध वजन घटवण्यासाठी जगभर मागितलं जातंय. टोचायच्या तयार पेनऐवजी औषधशाळेत बनवून दिलेल्या कुप्या आणि सुट्या सिरिंज वापरणाऱ्यांकडून ठरल्यापेक्षा पाच ते वीसपट मात्रा टोचली गेल्याच्या घटना नोंदवत अमेरिकी औषध प्रशासनानं जुलै 2024 मध्ये इशारा दिला. डॉक्टरनं मिलिग्रॅममध्ये सांगायचं, कुपीवर मिलिलिटर असायचं आणि सिरिंजवर युनिट. तीन मापांच्या मध्ये माणूस एकटा सापडतो. या औषधाची मात्रा शरीरातून निम्मी व्हायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे एका टोचणीच्या चुकीनं उलट्या नि मळमळ दिवसेंदिवस चालते. इन्सुलिनच्या शंभर वर्षांच्या अनुभवानंतरही, हार्मोन टोचायचं असेल तर माप एकच असावं, एवढी साधी शिस्त नव्या औषधाला लावता आलेली नाही.

काही वेळा तर आपण हार्मोन घेतोय हेच माणसाला ठाऊक नसतं. पूर्व जर्मनीनं 1974 पासून राज्याच्या योजनेनुसार हजारो खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुलींनाही, पुरुषी हार्मोनच्या गोळ्या 'जीवनसत्त्वं' म्हणून चारल्या. मुलींचे आवाज घोगरे झाले, यकृतं बिघडली, पुढे मातृत्वावर परिणाम झाले. 2000 साली बर्लिनमध्ये खटला चालून तिथल्या क्रीडायंत्रणेचे प्रमुख मॅनफ्रेड एवाल्ड आणि क्रीडावैद्यकातले डॉक्टर मॅनफ्रेड ह्यॉप्नर दोषी ठरले. ते सरकारनं केलं. बाजार हेच सरकारशिवाय करतो. 2008 च्या पहिल्या पाच महिन्यांत सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेले 150 लोक साखर अचानक कोसळून रुग्णालयात आले. लैंगिक ताकदीच्या बेकायदा गोळ्यांमध्ये ग्लायबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध मिसळलेलं होतं. सात जण बेशुद्धीत गेले, चौघे दगावले. दमा नि सांधेदुखीवरच्या 'नैसर्गिक' चूर्णांमध्ये डेक्सामेथासोन सापडणं तर जगात ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. अशा चूर्णानं तीन दिवसांत गुडघा मोकळा झाला, तर त्या माणसानं आनंदण्याऐवजी सावध व्हावं. इतक्या वेगानं सूज उतरवणारी गोष्ट बहुतेक वेळा स्टेरॉइडच असते.

मेलाटोनिनलाही मी याच पंगतीत बसवतो, जरी त्याचं विष सौम्य असलं तरी. झोपेचा हा हार्मोन अनेक देशांत चघळायच्या गोड वड्यांच्या रूपात कुठल्याही चिठ्ठीशिवाय मिळतो. अमेरिकेत मुलांनी तो गिळल्याच्या विष-माहिती केंद्रांकडे आलेल्या नोंदी 2012 मध्ये 8,337 होत्या, 2021 मध्ये 52,563 झाल्या. 2023 मध्ये तपासलेल्या 25 प्रकारच्या वड्यांपैकी 22 वर छापलेली मात्रा खरी नव्हती. एकात छापल्याच्या साडेतीनपट मेलाटोनिन होतं. बहुतेक मुलांना नुसती गुंगी आली हे खरं. पण जो पदार्थ हार्मोन आहे तो पूरक आहार म्हणून विकायचा आणि आत किती आहे याची खात्री कुणी द्यायची नाही, हे कोणत्या तर्कात बसतं?

आता आक्षेप. डॉक्टर मंडळी म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही, की 'विष' हा शब्द वापरलात तर लोक घाबरून औषध सोडतील. इन्सुलिनला घाबरून ते टाळणारा रुग्ण डोळे, मूत्रपिंड, कधी जीवही गमावतो. स्टेरॉइडचं नाव ऐकून दम्याचा फवारा फेकून देणारा माणूस झटक्यात दगावू शकतो, वास्तविक फवाऱ्यातलं औषध गोळीच्या तुलनेत किती तरी कमी असतं. 2002 मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचारांची मोठी अमेरिकी चाचणी मध्येच थांबवली गेली, तेव्हा बातम्यांनी हाहाकार माजवला आणि असंख्य स्त्रियांनी रातोरात गोळ्या बंद केल्या. प्रत्यक्ष आकडा होता दर वर्षी 10,000 स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचे आठ जास्तीचे रुग्ण, आणि त्याच 10,000 मागे खुब्याचे फ्रॅक्चर पाच कमी. चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं. पन्नाशीतल्या, रात्रभर घामानं भिजून उठणाऱ्या स्त्रीचा हिशेब वेगळा असू शकतो, आणि तो तिच्यासमोर मांडायला हवा होता.

हे सगळं मी मान्य करतो. एवढंच नव्हे, हा लेख वाचून कुणी आज रात्री स्टेरॉइडची गोळी बंद करू नये. वर सांगितलेला दुसऱ्या तोंडाचा धोका तोच आहे. पण भीती पसरते ती माहितीमुळे नाही, अर्धवट माहितीमुळे. गर्भनिरोधक गोळीचा इतिहास याला साक्षी आहे. 1960 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या गोळीत 150 मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतं. आजच्या बहुतेक गोळ्यांत 20 ते 35 मायक्रोग्रॅम असतं. मात्रा उतरली कारण रक्ताच्या गुठळ्या होऊन तरुण स्त्रिया दगावत होत्या आणि ते लपवता येईनासं झालं. जानेवारी 1970 मध्ये सेनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या सुनावणीत डॉक्टर-तज्ज्ञ बोलत असताना प्रेक्षकांत बसलेल्या स्त्रिया उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, गोळी घेणाऱ्या एकाही स्त्रीला साक्षीला का बोलावलं नाही? त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात रुग्णासाठी माहितीपत्रक घालणं सक्तीचं झालं. काही स्त्रियांनी तेव्हा घाबरून गोळी सोडली, पण गोळी टिकली. आणि स्त्रियांना कमी धोक्याची गोळी मिळाली.

डेक्सामेथासोनचंच पाहा. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीनं दाखवलं की रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं तर कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्यानं आणि ऑक्सिजनवरच्यांचे पाचव्या हिश्श्यानं कमी होतात. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काही फायदा झाला नाही. औषध एक, पण कुणाला आणि किती दिवस, यावर जीव वाचणार की नाही हे ठरलं. त्या चाचणीनं मात्रेइतकीच मुदतही लिहून दिली होती. रोजच्या चिठ्ठीत तेवढं का लिहिलं जाऊ नये?

माझी मागणी तिथूनच सुरू होते. हार्मोनच्या प्रत्येक चिठ्ठीवर दोन तारखा सक्तीच्या असाव्यात, एक तपासणीची आणि एक थांबण्याची किंवा पुनर्विचाराची. आयुष्यभर घ्यायचं औषध असेल, जसं थायरॉक्सिन किंवा इन्सुलिन, तर थांबण्याच्या तारखेच्या जागी तसं स्पष्ट लिहावं आणि तपासणीची तारीख कायम ठेवावी. ती तारीख उलटली की दुकानदारानं तीच चिठ्ठी पुन्हा चालवू नये. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या नाव सांगून मागितल्या तर, आधी कधी गुठळी झाली होती का, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं का, हे विचारल्याशिवाय देऊ नयेत. त्या गोळीचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, हे दुकानदाराला ठाऊक असलं पाहिजे. पुरुषी हार्मोनचं जेल लावणाऱ्या बापाच्या कातडीला लगटून लहान मुलांमध्ये अकाली वयात येण्याची लक्षणं दिसली, म्हणून 2009 मध्ये अमेरिकेत त्या जेलवर चौकटीतला इशारा छापावा लागला. तसे इशारे रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत आणि अशा अक्षरात असावेत.

लांब मुदतीचं स्टेरॉइड घेणाऱ्या प्रत्येकाजवळ एक कार्ड असावं. ब्रिटनमध्ये 2020 पासून असं आपत्कालीन कार्ड देण्याचा आदेश आहे. बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या खिशात ते सापडलं तर पहिल्या तासात योग्य इंजेक्शन दिलं जातं. एका कागदाच्या तुकड्याला येणारा खर्च तो किती.

आणि मोजणी. जानेवारी 2022 पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत इजा कोणती झाली, कशामुळे झाली आणि कोणत्या रीतीनं झाली या तीन गोष्टी एकमेकींना जोडून नोंदवायची सोय केलेली आहे. म्हणजे खुब्याचं मेलेलं हाड, त्यामागचं प्रेडनिसोलोन आणि ठरल्यापेक्षा लांबलेला वापर, हे तिन्ही एका ओळीत लिहिता येतं. ती ओळ भरायला हाडांच्या डॉक्टरला रुग्णाची जुनी चिठ्ठी मागावी लागेल, मधुमेहाच्या डॉक्टरला कातडीवरच्या मलमाची चौकशी करावी लागेल आणि रुग्णालयाला त्या नोंदीसाठी माणूस नेमावा लागेल. आरोग्य खात्यांनी या नोंदी ऐच्छिक न ठेवता सक्तीच्या कराव्यात आणि त्यांचे आकडे दरवर्षी औषधाच्या नावासकट जाहीर करावेत.